मेणकुत्रे

मेणाचे किडे घरात आले की चुलीवरची मिरची बंद. फोडणीचा ठसका लागला तर पिल्लं कवचातच गुदमरतात, असं माझी सासू म्हणते आणि तिची सासूही म्हणायची. आता आम्ही एमेई डोंगराच्या पायथ्याची माणसं. आमच्याकडं पोरगं दूध सोडतं ते मिरचीवरच बसतं. तरी त्या दिवसांत मुकाट्यानं मक्याची पेज आणि खारवलेला पाला खायचा. लसूण नाही, दारू नाही, तंबाखू नाही. थोरले भावजी वरच्या आळीतून मुद्दाम चिलीम ओढत यायचे आणि अंगणाबाहेर उभे राहून दात काढायचे.

"काय गं धाकटे, बाळंतीण कशी हाय?"

"झोपलीय आत. तुमचं तोंड बघून दचकंल, जा तिकडं," मी म्हणायची.

बाळंतीण म्हणजे टोपलीतले किडे. वाटाण्याएवढं तपकिरी कवच, आत पिठासारखी बारीक पिल्लं. दक्षिणेच्या शीदे खोऱ्यातून ती कवचं आणायची, झाडाच्या पानात पुडी बांधायची आणि मेणझाडाला टांगायची. पिल्लं बाहेर पडतात, आधी पानावर बसतात, मग त्यातली नर पिल्लं फांदीला जळवेसारखी चिकटतात, रस पितात आणि अंगावर पांढरं मेण काढतात. सातव्या महिन्यात फांदी बर्फ पडल्यासारखी दिसली पाहिजे. खवलेकीडच ती. दुसऱ्याच्या झाडावर आली तर रोग, आमच्या झाडावर आली तर पीक.

त्या वर्षी ते पीक यायलाच हवं होतं. माझा नवरा गान छिंगहे बरेच हिवाळे गारगोटीच्या खाणीत दगड फोडून आला होता. येताना छाती तिथंच ठेवून आला. चार पायऱ्या चढला की भात्यासारखा वाजायचा. डॉक्टरनं काचेवर धरून फोटो दाखवला आणि त्याला नाही, मला म्हणाला, "धूळ बसलीय आत. ती निघत नसते. अजून एक हिवाळा खाणीत काढला तर त्याच्या पुढचा धरू नका." गटाची सामाईक शेती मोडून जमिनी घरोघर वाटल्या तेव्हा आमच्या वाट्याला उतारावरची मेणझाडं आली होती आणि मक्याची एक पट्टी. पट्टीवर पोट भरत नाही. मेण आलं तर हिवाळ्यात छिंगहे घरी, नाही आलं तर खाण. एवढं सरळ होतं ते, आणि घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं. म्हणून कुणी बोलत नव्हतं.

पुड्या बांधायला सासू, मी आणि तो असे जमिनीवर बसलो. पान ओलं करायचं, त्यात मूठभर कवचं घ्यायची, सुईनं पानाला भोकं पाडायची, भाताच्या काडीनं गाठ मारायची. सासूची बोटं वाकडी झाली होती, पण गाठ अशी मारायची की मला दातांनी सुटत नसे.

"काडी ओढू नको गं, पिरगाळ. तुझ्या आईनं काय शिकवलं तुला?"

"माझी आई भात पिकवायची, किडे न्हाई."

"म्हणून तर इथं पाठवली."

छिंगहे हसला आणि हसण्याचा खोकला झाला. खोकला आला की तो टोपलीपासून तोंड फिरवून भिंतीकडे करायचा, किड्यांना वारा लागू नये म्हणून.

टांगायला शिडी लागते. मी म्हटलं, मी चढते. ऐकतोय कुठला! प्रत्येक झाडाला शिडी लावायची, तीन दांड्या चढायचं, कपाळ फांदीला टेकून श्वास घ्यायचा, पुडी बांधायची, उतरायचं. पावसाची बुरबुर चालू होती. त्याच्या मानेवरच्या शिरा दोरखंडासारख्या फुगायच्या. ओढ्यावर दोन ओंडक्यांचा साकव आहे, त्याच्या पलीकडं खडी चढण आणि चढणीवर आमची थोडी झाडं. तिथं मी त्याला जाऊच दिलं नाही. पाठीला टोपली बांधून मी एकटी गेले आणि टांगून आले.

त्याच सुमाराला थोरल्या भावजींच्या बागेत गडबड उडाली. त्यांनी आपल्या वाटणीची मेणझाडं कधीच तोडली होती आणि संत्री लावली होती. आता संत्र्यांवर दुसरी खवलेकीड पडली होती, फळं भुरकट, पानं पिवळी. तालुक्याहून वेन नावाचा एक तरुण तंत्रज्ञ आला. चष्मा, रबरी बूट, बोलणं मऊ. त्यानं कसल्याशा पानांच्या जुड्या आणल्या होत्या आणि त्या संत्र्यांच्या फांद्यांना बांधत सुटला होता.

थोरले आमच्या बांधावरून ओरडले, "बघ रे छिंगहे! माझ्याबी झाडाला पुड्या लागल्या! आता मीबी किडेवाला झालो!"

"काय हाय त्यात?" छिंगहेनं विचारलं.

वेन स्वतः खाली आला. म्हणाला, "मित्रकिडे आहेत. कोळ्याच्या जातीचे, पण इतके बारीक की डोळ्याला दिसत नाहीत. खवल्याखाली शिरतात आणि त्याला शोषून टाकतात. औषध नको, विष नको."

"मित्र म्हणताय, मग बोलवा की जेवायला," सासू म्हणाली. "आमच्यात मिरची नसतीय सध्या, पण पेज हाय."

सगळे हसले. वेनही हसला. आम्हाला मित्र म्हटल्यावर कशाला भीती वाटेल?

पिल्लं चांगली उतरली. पानावरून फांदीवर आली, चिकटली, आणि पाचव्या महिन्याच्या अखेरीला फांद्यांवर पिठाचा हात फिरवल्यासारखी पांढुरकी झाक आली. सासू रोज एकेका फांदीला नाक लावून बघायची. मला वाटतं त्या दिवसांत छिंगहेचा खोकलाही कमी झाला होता, किंवा मला कमी ऐकू येत होता.

मग मेणकुत्रे आले.

मेणकुत्रा म्हणजे पाठीवर ढाल असलेला काळा, गोल किडा, ढालीवर दोन लाल ठिपके. दर वर्षी येतो आणि मेणाचे किडे चरतो. त्याला एकच उपाय आमच्या पूर्वजांनी सांगितलाय. पहाटे, तो थंडीनं आखडलेला असताना, जाड दांडकं घेऊन झाडाच्या बुंध्यावर बडवायचं आणि ओरडायचं. मेणकुत्रा पटापट गळून पडतो. आमच्या आळीत या दिवसांत कोंबड्याच्या आधी दांडकी वाजतात. ज्याच्या झाडाखालून आवाज आला नाही, त्या घराला बाया विहिरीवर नावं ठेवतात.

"मी बडवते," मी म्हटलं.

"लोकं काय म्हणतील? छिंगहेची बायको दांडकं घेतीय आणि छिंगहे गोधडीत?" नवरा म्हणाला.

"लोकांच्या छातीत दगडाचं पीठ न्हाई बसलेलं."

"दांडकं कुठंय?" तो म्हणाला.

रोज उठायचा. धुकं इतकं की हात लांब केला तर बोटं दिसायची नाहीत, आणि त्या धुक्यातून त्याचं बडवणं ऐकू यायचं. धाड. मग श्वास. मग खोकला. मग धाड. पलीकडून सासू किंचाळायची, "हाट मेल्या! मेणकुत्र्या! तुझ्या आईच्या घरी जा!" ती दात नसलेल्या तोंडानं शिव्या अशा द्यायची की रस्त्यावरचे गाडीवाले थांबून हसायचे. मी मागून फिरायची आणि गळून पडलेले मेणकुत्रे पायानं चिरडायची. पण गवत उंच आणि ओलं. किती सापडणार? बाकीचे थोडं ऊन लागलं की पंख झाडायचे आणि पुढच्या झाडावर जाऊन बसायचे. दुसऱ्या दिवशी ते झाड.

ओढ्यापलीकडं मात्र त्याच्यानं जमलं नाही. एकदा गेला, साकवाच्या मध्यावर बसला आणि मला हाक मारायलाही त्याच्याकडं वारा उरला नव्हता. मी त्याला पाठुंगळी आणला. हलका झाला होता हो! धान्याच्या पोत्याइतकासुद्धा नव्हता. वाटेत शेजारच्या न्यू काकाची सून भेटली, ती तोंडावर हात ठेवून बाजूला झाली. छिंगहेनं माझ्या खांद्यात तोंड लपवलं.

"सांग तिला, पाय मुरगळलाय," तो कानात म्हणाला.

मी मोठ्यानं सांगितलं, पाय मुरगळलाय.

सहाव्या महिन्यात पांढरी झाक वाढायच्या ऐवजी थांबली. मग पिवळी पडली. फांदीवर बोट फिरवलं की कोंडा पडायचा, आणि कोंड्याखाली किडा नसायचा, नुसतं रिकामं टरफल. आधी वरच्या बाजूची झाडं गेली, मग त्याच्या खालची, मग ओळच.

"मेणकुत्रेच," सासू म्हणाली. "बडवणं कमी पडतंय."

"मी दोन दिवस झोपून होतो," छिंगहे म्हणाला. "तवाच शिरले."

तेव्हापासून तो संध्याकाळीसुद्धा बडवायला लागला. तळव्याला फोड आले, फुटले, त्याला मी चिंध्या बांधल्या. दांडक्याला रक्ताचे डाग पडले. एका पहाटे त्यानं खोकल्यावर तोंड पुसलं आणि तीच चिंधी पटकन उलटी करून गुंडाळली. मी पाहिलं. तो म्हणाला, "फोडाचं हाय." मी बरं म्हटलं.

एका दुपारी तो आत झोपला होता आणि मी झाडाखाली बसून फांदीचा कोंडा हातावर घेऊन बघत होते. थोरले भावजी आणि वेन बांधावरून उतरले. वेनचं तोंड फुललेलं होतं. वरची संत्री सुधारली होती, नवी पालवी आली होती. त्यानं माझ्या झाडाची फांदी वाकवली, खिशातून भिंग काढलं, डोळा लावला आणि लहान पोरासारखा ओरडला.

"वा! इथपर्यंत पोचले! बघा, बघा वहिनी, जिवंत आहेत!"

मी भिंगातून बघितलं. रिकाम्या टरफलात साबुदाण्याच्या दाण्यासारखं पांढुरकं काहीतरी सरकत होतं. एक नव्हे, गर्दी होती.

"हे तुमचे मित्र?" मी विचारलं.

त्याचं हसू तिथंच राहिलं. त्यानं झाडाकडं बघितलं, ओळीकडं बघितलं आणि बहुतेक तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की ही संत्री नव्हेत. हळूच म्हणाला, "मला वाटलं होतं ते खाली येणार नाहीत. पाय इतके बारीक, चालून कुठं जाणार? माझी चूक झाली."

"मग आले कसे?" थोरल्यांनी दरडावलं.

वेन खाली वाकला. गवतातून एक मेणकुत्रा उचलला, नखानं त्याची ढाल उचकटली आणि भिंग पुन्हा माझ्या हातात दिलं. ढालीखाली, पंखाला चिकटून, तसेच दाणे दाटीनं बसले होते.

"याच्यावर बसून येतात," तो म्हणाला. "हा उडाला की तेही उडाले. हा बसला की ते उतरतात आणि खवल्याखाली शिरतात. पण हा किडा तसा आळशी असतो. एका झाडावर खायला असेल तर आठ-आठ दिवस हलत नाही. म्हणजे रोग एक-दोन झाडांवर राहायला हवा होता. इतक्या लवकर सगळी ओळ..." त्यानं इकडंतिकडं पाहिलं. बुंध्यांच्या साली चेचलेल्या होत्या. "हे काय केलंय?"

"बडवलंय," मी म्हटलं. "मेणकुत्रे हाकलायला."

"रोज?"

"रोज."

तो चष्मा काढून पुसत बसला. मला काही सांगायची गरज राहिली नव्हती. एका झाडावरून पाडायचं, दुसऱ्यावर उडवायचं. दुसऱ्यावरून पाडायचं, तिसऱ्यावर. आम्ही गाडीवान होतो त्यांचे.

मी उठले आणि ओढ्याकडं पळाले. साकव ओलांडला, चढण चढले. पलीकडची झाडं, ज्यांना एकदाही दांडकं लागलं नव्हतं, ती सगळी पांढरी होती. एक कोपऱ्यातलं पिवळं पडलेलं, त्यावर मेणकुत्रे निवांत बसलेले. बाकीच्या फांद्यांवर अंगठ्याएवढं जाड मेण. मी तिथंच मटकन बसले आणि रडले. एवढं चांगलं मेण बघून कुणी रडलेलं आमच्या गावात कुणी पाहिलं नसेल.

परत आले तेव्हा वेन गेला होता. थोरले भावजी चिलीम न पेटवता हातात धरून उभे होते.

"पलीकडं?" त्यांनी विचारलं.

"पांढरी हायती."

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "धाकटे, त्याला सांग की रोग माझ्या बागेतनं आला. खरंच हाय ते. शिव्या घालू दे, दगड मारू दे मला. पण ते बडवण्याचं सांगू नको."

"न्हाई सांगत."

"आईलाबी न्हाई."

"न्हाई म्हटलं ना!" मी त्यांच्यावर ओरडले. दुसरं कोण होतं ओरडायला?

छिंगहेला रोगाचं सांगितलं तसा तो काठी टेकत वरच्या आळीत गेला. थोरल्यांच्या दारात, साऱ्या लोकांदेखत, त्यांच्या पायाशी थुंकला. "स्वतःची झाडं तोडलीस, ती कमी पडली? भावाचीबी मारलीस?" थोरले मान खाली घालून उभे राहिले. जाऊबाई मध्ये पडायला लागली तर तिला त्यांनी हातानं मागं सारलं. छिंगहे परत आला तो ताठ चालत आला. किती दिवसांनी त्याची मान वर दिसली, आणि मला वाटलं, बरं झालं.

सातव्या महिन्यात मेण उतरवलं. पहाटे दव असताना फांद्या कापायच्या, बोटांनी मेण ओरबाडायचं, मोठ्या कढईत पाणी उकळून त्यात टाकायचं. मेण वर तरंगतं, ते पळीनं काढून भांड्यात ओतायचं. अलीकडच्या साऱ्या ओळीचं मेण कढईत पडलं तेव्हा वर नुसता तवंग आला, पेजेवर साय येते तेवढा. सासूनं पळी घातली आणि तशीच बाहेर काढली. शिव्यांचा एवढा साठा होता तिच्याकडं, पण त्यातली एकही आली नाही.

मग पलीकडच्या झाडांचं आणलं. टोपल्या मीच वाहिल्या, छिंगहे ओढ्याच्या काठावर दगडावर बसून बघत होता. पांढऱ्या फांद्या बघून तो उठून उभा राहिला.

"एवढं?"

"व्हय."

"माझा हात न लागता एवढं?" त्यानं एक फांदी घेतली, मेणावरून अंगठा फिरवला. मला वाटलं, आता कळणार. हा काही खुळा नाही. पण त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "वारं आडवं हाय तिकडं. थोरल्याची घाण पोचली न्हाई. आणि बघ की, नुसत्या नशिबावर एवढं आलं! मला तिथं जाऊन बडवता आलं असतं तर किती आलं असतं!"

"लई आलं असतं," मी म्हटलं.

"माझ्याच पायानं दगा दिला."

"पाय मुरगळला होता तुझा," मी म्हटलं, आणि तो कसंनुसं हसला.

सगळं मिळून एक वडी झाली. मेणवाल्यानं ती टिचकी मारून वाजवली, बायकोला दाखवली आणि म्हणाला, "गानच्या घरचं ना हे? आम्हाला वाटलं नमुना आणलाय." छिंगहेनं दोन्ही हात बाह्यांत लपवले. त्याच्या तळव्यांवर अजून खपल्या होत्या.

त्या वडीनं दिवाळं निघायचं टळलं इतकंच, हिवाळा निघणार नव्हता. थोरल्यांनी रात्री भिंतीवरून मक्याची दोन पोती आत लोटली, छिंगहेनं सकाळी ती रस्त्यावर नेऊन ठेवली. मी म्हटलं, खाणीत बायकांना चाळणीवर घेतात, मी जाते. तो म्हणाला, "आणि धूळ काय बाईमाणूस बघून आत शिरत न्हाई व्हय?" वेन पुन्हा एकदा येऊन गेला. त्यानं मान खाली घालून सांगितलं की संत्र्याची रोपं फुकट मिळवून देतो. फळ कधी येईल, मी विचारलं. तो म्हणाला, चार-पाच वर्षांत. मी त्याला चहा दिला. त्याचा राग धरून तरी काय करायचं होतं?

जायच्या दिवशी खाणीचा ट्रक पुलाशी उभा राहणार होता. सासू दारातून उठलीच नाही. त्यानं तिच्या पायाशी वाकून काहीतरी म्हटलं, तिनं त्याच्या छातीवर आपला वाकडा हात ठेवला आणि तसाच ठेवून बसली. शेवटी त्यानंच तो उचलून तिच्या मांडीवर ठेवला. वळकटी मी घेतली. उतारानं जाताना तो मेणझाडांखाली थांबला, एकेका चेचलेल्या बुंध्यावरून हात फिरवत पुढं गेला.

"ऐक," तो म्हणाला. "पुढच्या साली मी नसलो तर..."

"उन्हाळ्याला सुट्टी देतात की."

"दिली तर येतोच. पण नसलो, तर आईच्यानं आता व्हायचं न्हाई. तू बडव. कोंबड्याच्या आधी ऊठ. उशीर केलास तर मेणकुत्रे सैल होतात."

"बडवते."

"आणि मी पलीकडची झाडं सोडली, तशी तू सोडू नको. तुझे पाय धड हायत."

मी वळकटी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"सोडणार न्हाईस ना?"

"न्हाई सोडणार."

"एकूण एक झाड?"

"एकूण एक."

त्याच्या जिवाला बरं वाटलं, ते तोंडावर दिसलं. पुलाशी ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला तसा तो घाईनं चालायला लागला, आणि फळीवर पाय ठेवला तेव्हा त्याला खोकल्याची ढास लागली, म्हणून आत बसलेल्या दोघांनी त्याला काखेत हात घालून वर ओढून घेतलं.